बांबोळीचे पैसे: सरकारी दवाखाना हाताशी असला की मनाला नेमके काय मिळते?

तिलारीकाठ (धागाकर्ता), रविवार, सकाळी १०.१५

आमच्या घरी तांदळाच्या पिंपात अगदी तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी असे आणि घरातली सगळी माणसे तिला ‘बांबोळीचे पैसे’ म्हणत असत. आमचे गाव दोडामार्ग तालुक्यातले. जिल्हा सिंधुदुर्ग असला तरी ओरोसचे जिल्हा रुग्णालय आम्हाला लांब आणि गोव्यातील बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ. त्यामुळे माडावरून पडलेला गडी असो, काजूच्या बागेत फुरसे चावलेली बाई असो की अडलेली बाळंतीण असो, प्रसंग हाताबाहेर जातो आहे असे दिसले की गाडी गोव्याच्या दिशेला वळायची. ‘बांबोळीक न्हेलो’ एवढे कानावर आले की दुखणे किती मोठे आहे हे गावाला वेगळे सांगावे लागत नसे.

तेथे उपचारांना फारसा खर्च येत नसे. पुरचुंडीतले पैसे होते ते मध्यरात्री गाडी काढणाऱ्याला देण्यासाठी, बाहेरून आणाव्या लागणाऱ्या एखाद्या औषधासाठी आणि सोबतच्या माणसाच्या चार दिवसांच्या चहा-जेवणासाठी. या पैशांना हात लावायचा नाही हा आईचा नियम इतका कडक होता की कौले फुटून पावसाचे पाणी देवघरात आले त्या वर्षीही तिने शेजाऱ्यांकडून उसने घेतले, पण पुरचुंडीची गाठ सोडली नाही.

मला या धाग्यात बोलायचे आहे ते त्या पुरचुंडीच्या आकाराविषयी. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. बोलावल्यावर ती खरोखर येते याची आमच्या वाडीला खात्री पटायला दोन पावसाळे जावे लागले. ती पटल्यावर आईने पुरचुंडीतून काही रक्कम काढून न्हाणीघरावर पत्रे घातले. पुढे २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. त्याविरुद्ध दोडामार्गात आंदोलन झाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि आमच्या घरी त्या हंगामातल्या काजूबियांचे पैसे थोडेथोडे करून पुन्हा पिंपात जाऊ लागले. पाहता पाहता पुरचुंडी पूर्वीपेक्षा जाड झाली. या दोन्ही वेळी आमच्या घरात कोणीही आजारी नव्हते.

मी अडतो ते येथेच. आरोग्यसेवा मोजताना आपण खाटा मोजतो, डॉक्टरांची रिक्त पदे मोजतो, बालमृत्यू मोजतो, आणि ते मोजलेच पाहिजे. पण दवाखाना जवळ आला किंवा लांब गेला, याचा परिणाम त्या वर्षी दवाखान्याची पायरीही न चढलेल्या माणसावर होतो. तो न्हाणीघराच्या पत्र्यात दिसतो, मुलीला पुढे शिकवावे की नाही या निर्णयात दिसतो, रात्री म्हाताऱ्याला खोकला लागला तर बाकीचे किती वेळ जागे राहतात त्यातही दिसतो. तो कोठेच नोंदला जात नाही. आपापल्या भागातले अनुभव लिहावेत, अशी विनंती. कोणत्या सरकारने काय केले हा वाद मात्र येथे नको. त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहत आहेत.

बालाघाटी, रविवार, दुपारी १२.०५

आमच्याकडे पुरचुंडी नव्हती, शेळी होती. दावणीला चार असायच्या, त्यांतली एक ‘दवाखान्याची’. बाजारात भाव चांगला असला तरी ती विकायची नाही आणि जत्रेलाही कापायची नाही, असा आजीचा दंडक होता. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय नीट चालू झाल्यावर त्या शेळीचे हे नाव आपोआप सुटले. आपला लेख वाचेपर्यंत या दोन गोष्टींचा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता.

जुनी_सिस्टर, रविवार, दुपारी ३.४०

मी रायगड जिल्ह्यात एकतीस वर्षे एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका म्हणून आरोग्य उपकेंद्रावर काढली. नियमाप्रमाणे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असते. कागदावरचा हा आकडा प्रत्यक्षात म्हणजे सात-आठ वाड्या, मध्ये एक ओढा आणि खांद्याला लसींचा डबा.

आपण विचारता त्याचे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण विंचवाचे आहे. कोकणातला तांबडा विंचू चावला की आधी घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि मग फुप्फुसात पाणी भरून माणूस बसल्या जागी गुदमरतो. मी नोकरीला लागले तेव्हा धडधाकट मुले अशी गेलेली वाड्यावाड्यांत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि दंशानंतरचे मृत्यूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते ते एका टक्क्यावर आले. हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतर वाडीत काय बदलले हे सहसा कोणी लिहीत नाही. सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी बायका काठीने ढीग ठोकायच्या, तशा त्या नंतरही ठोकत राहिल्या. पण ठोकताना पुटपुटायच्या ते थांबले. रात्री विंचू चावला तर आधी मांत्रिकाचे दार वाजायचे, मग माझे. काही वर्षांनी क्रम उलटला आणि आणखी काही वर्षांनी मांत्रिकच आपल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आला. गोळी तर खरीच, पण ती गोळी या घरात आहे आणि ती देणारी बाई इथेच झोपते, हे माहीत असण्याने वाडीची रात्र वेगळी होत असे.

एक कबुलीही देते. तालुक्याला बैठक असली की मला मुक्कामाला राहावे लागे. जाताना मी ओटीवरचा दिवा चालू ठेवून जात असे, चोराचिलटाच्या भीतीने. निवृत्त होऊन निघाले तेव्हा पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली, “बाय, तुझा दिवा दिसला की मी कूस बदलून झोपायचे.” मी तिला खरे सांगितले नाही.

शंकासुर, रविवार, रात्री ९.२०

सिस्टर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो की आपण शेवटी सांगितलेली गोष्ट माझ्या शंकेचे उत्तम उदाहरण आहे. दिवा चालू आहे, सिस्टर तालुक्याला आहेत आणि म्हातारी सुखाने झोपली आहे. तिला वाटणारे स्वास्थ्य खरे, पण त्या रात्री त्याला आधार कशाचा होता? योजनांच्या फलकांवरचे हसरे चेहरे आणि प्रत्येकाच्या पाकिटातले कार्ड हेही असे दिवेच असू शकतात. माणसाला सुरक्षित वाटणे ही सरकारला प्रत्यक्ष सेवेपेक्षा फार स्वस्तात देता येण्यासारखी वस्तू आहे.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की ‘तुम्ही आजारी आहात का’ असे लोकांना विचारत गेले तर केरळातले लोक बिहारातल्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्षात केरळात माणसे जास्त जगतात आणि बालमृत्यू कमी आहेत. ज्याला शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, त्याला आपले दुखणे हे दुखणे आहे हे कळते. ज्याने डॉक्टर पाहिलाच नाही तो गुडघेदुखीला वय म्हणतो, पंडुरोगाला बाईचा जन्म म्हणतो आणि ‘बरे चालले आहे’ असे उत्तर देतो. मग लोकांच्या समाधानावरून आरोग्यसेवा जोखायला बसलो तर जेथे काहीच नाही तो भाग वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण व्हायचा.

तिसरे. रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च भागवणाऱ्या योजना वाढल्या आणि वाढाव्यातही. पण मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यांत येत नाहीत आणि घराची गळती तेथेच असते. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे सरकारी लेखे सांगतात. ही घट मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही पुरचुंडीतूनच जातात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरले होते, त्याचे काय झाले हे येथे सांगायला नको. धागाकर्त्यांनी वादाला बंदी केली आहे, म्हणून एवढ्यावर थांबतो.

तिलारीकाठ, सोमवार, सकाळी ७.५०

शंकासुरराव, केरळचा दाखला मला मान्य आहे आणि तो माझ्या विरुद्ध जातो असे मला वाटत नाही. ‘मी आजारी आहे’ हे सांगता येणे आणि ‘आजारी पडलो तर काय होईल’ या धास्तीतून सुटणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. केरळातला माणूस पहिली गोष्ट जास्त बोलतो, कारण दुसरीतून तो बराचसा सुटला आहे, असे मला वाटते.

या दोहोंना वेगळे करून पाहण्याची संधी इतिहासात एकदा योगायोगाने आली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २००८ साली गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यात थोड्या नव्या जागा काढल्या. अर्ज आले सुमारे नव्वद हजार. त्यामुळे राज्याने सरळ सोडत काढली. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे निघाले नाही, त्यांच्यात चिठ्ठीखेरीज काही फरक नव्हता, म्हणून संशोधकांनी दोन्ही गटांचा पाठपुरावा केला. दोन वर्षांनी पाहिले तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाची पातळी यांत म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. विमा विरोधकांनी याचा पुष्कळ गवगवा केला. परंतु विमा मिळालेल्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते आणि आजारपणाच्या कर्जाचा काच सैल झाला होता. मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची नोंद. ‘आपली प्रकृती कशी आहे’ या प्रश्नाला लोक जे अधिक चांगले उत्तर देऊ लागले, त्यातली जवळजवळ दोनतृतीयांश सुधारणा विमा मंजूर झाल्यावर महिन्याभरातच दिसली. तोवर ते डॉक्टरकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा गेलेही नव्हते.

आता आपण याला दिवाच म्हणाल. तसे म्हणा, पण ओरेगॉनच्या दिव्यामागे दार उघडणारे कोणीतरी होते. सिस्टरांच्या दिव्यावर म्हातारीचा विश्वास बसला तोही त्याआधीच्या कितीतरी रात्री दार खरोखर उघडले गेले म्हणूनच. आमच्या वाडीने १०८ वर विश्वास ठेवायला दोन पावसाळे घेतले ते फलक पाहून घेतले नाहीत. पहिल्या पावसाळ्यात एका पोराचा पाय मोडला, तेव्हा त्याच्या बापाने १०८ ला फोनही केला आणि शेजारच्याचा टेम्पोही सांगून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात टेम्पो सांगितला नाही.

मँचेस्टरकर, सोमवार, दुपारी २.३० (भारतीय वेळ)

मी चौदा वर्षे इंग्लंडमध्ये आहे. येथील राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि तिचे उद्घाटन आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी माझ्या घरापासून जवळच, डेव्हिहुल्मच्या पार्क हॉस्पिटलात केले. आज या सेवेविषयी कोणाही इंग्रज शेजाऱ्याला विचारा, तो अर्धा तास तक्रार करील. डॉक्टरची वेळ मिळत नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला अठरा आठवड्यांची मर्यादा आहे ती केव्हाच ओलांडली जाते, अपघात विभागात रात्रभर खुर्चीत बसावे लागते. या तक्रारी खऱ्या आहेत. माझ्या मुलीच्या कानाच्या तपासणीसाठी आम्ही सात महिने वाट पाहिली आणि त्या सात महिन्यांत माझी चिडचिड किती झाली हे घरच्यांना विचारा.

पण चिडचिड आणि धास्ती यांतला फरक मला दर वर्षी नव्याने कळतो. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येते. ती पाहुणी म्हणून येते, त्यामुळे अपघात विभागातील उपचार सोडले तर रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च तिला पडतो, तोही ठरलेल्या दराच्या दीडपट. आम्ही प्रवासी विमा उतरवतो, पण पूर्वीपासूनचे आजार त्यात धरले जातात की नाही याचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचताना माझी झोप उडते. विमानतळावर तिला घेतल्यापासून मी तिच्या पायाखालच्या पायऱ्या पाहू लागतो. बाथरूममध्ये रबरी चटई घालतो. बाहेर बर्फ असेल तर तिला देवळात नेत नाही. ती परत गेली की चटई गुंडाळून माळ्यावर जाते. घर तेच, पायऱ्या त्याच, आणि माझे सासरे येथील रहिवासी आहेत, ते आईहून आठ वर्षांनी मोठे आहेत. त्यांच्यासाठी मी कधी चटई घातलेली नाही. आपल्या मातुःश्रींच्या पुरचुंडीविषयी वाचल्यावर मला ती चटई आठवली. (सासरे हा धागा वाचत नाहीत, अशी आशा आहे.)

म्हापसेकर, सोमवार, रात्री ८.१०

दोडामार्गचे लोक आमच्याच नात्यागोत्यातले, त्यामुळे २०१८ चा विषय आमच्याकडेही घराघरांत निघाला होता. दुसरी बाजूही नोंदवावी म्हणून लिहितो. बांबोळीच्या महाविद्यालयाचे मूळ १८४२ सालच्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेत आहे आणि गोवेकराच्या मनात त्याचे स्थान घरच्या मोठ्या माणसासारखे आहे. बोलणी त्यालाच खावी लागतात आणि अडचणीत जायचेही त्याच्याकडेच. २०१६ साली गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. राज्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबाला, मग उत्पन्न कितीही असो, लहान कुटुंबास अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबास चार लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्याच सुमारास ‘आमच्या खाटा बाहेरचे अडवतात’ ही भाषा वाढली, हे मला खेदाने नमूद करावेसे वाटते. आपल्याला काही मिळाले की ते आपल्याला पुरेल ना, ही नवी काळजी सुरू होते. माझ्या काकांना खाट मिळायला दोन दिवस लागले, तेव्हा मीही वॉर्डातल्या, महाराष्ट्रातल्या दुकानांची नावे असलेल्या पिशव्या मोजत होतो. शेजारच्या खाटेवरचा बांद्याचा माणूस मला डब्यातली पेज देत होता आणि मी पिशव्या मोजत होतो.

गिरणगावचा, मंगळवार, सकाळी ११.००

माझे सगळे आयुष्य परळला गेले. केईएम १९२६ सालचे, टाटा १९४१ सालचे, वाडिया शेजारीच. आमच्या चाळीतल्या माणसांना आरोग्यसेवेचे अंतर ही कल्पनाच नीट कळत नाही. लुंगीवर चालत जाऊन टाके घालून आलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून मी अंतरावर लिहीत नाही, खिडकीवर लिहितो.

वडिलांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात (नाव मुद्दाम देत नाही) दाखल केले होते. उपचार चोख झाले. डॉक्टर पोरगेलेसे होते, छत्तीस तास उभे असल्यासारखे दिसत होते, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते. त्रास झाला तो तळमजल्यावरच्या एका खिडकीवर. तेव्हा मोफत उपचारांच्या जीवनदायी योजनेला पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागे. आमची केशरी होती, पण तिच्यावर वडिलांच्या नावातली एक वेलांटी आधार कार्डापेक्षा वेगळी होती. खिडकीमागच्या गृहस्थांनी ती शिधापत्रिका दोन बोटांत धरून मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “फुकट पाहिजे ना? मग नीट कागद आणा.” मी चाळीस वर्षांचा होतो, नोकरीत होतो, आणि माझे कान तापले. योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्र मुलीने दहा मिनिटांत प्रतिज्ञापत्राचा मार्ग सांगून काम करून दिले. पण वडील घरी आल्यावर शस्त्रक्रियेविषयी कधी बोलले नाहीत, त्या खिडकीविषयी बोलत राहिले. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा त्रास झाला तेव्हा त्यांनी तो तीन आठवडे लपवला. त्यांना वेदनेची भीती नव्हती आणि खर्चाचीही नव्हती.

दुसरी गोष्ट ओळखीची. परळला नातेवाइकांचे फोन येतात ते एकाच कामासाठी: “तिकडे आत कोणी ओळखीचे आहे का?” सातारा, चिपळूण, जळगाव, कोठूनही. आमच्या खालच्या मजल्यावरचा वॉर्डबॉय निवृत्त होईपर्यंत चाळीतला सर्वांत वजनदार माणूस होता. गणपतीत आरतीचे पहिले ताट त्याच्याकडे जाई. रुग्णालय सर्वांना खुले आहे हे माणसांना माहीत असते, पण वशिल्याशिवाय आपल्याकडे कोणी पाहील यावर त्यांचा विश्वास नसतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांचे नातेवाईक राहतात, त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी मला सांगितले होते की पहिल्या दिवशी त्यांनी गावच्या आमदारांची चिठ्ठी खिशात ठेवली होती. क्रमांक आला, तपासणी झाली, आणि चिठ्ठी कोणी मागितलीच नाही. ते ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवत होते आणि पुन्हा काढून पाहत होते.

जुलै २०२४ पासून हीच योजना, आता महात्मा फुले यांच्या नावाची, शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले केसपेपरचे शुल्कही गेले. केसपेपरचे पैसे थोडे होते, त्याने कोणाचे घर वाचले नसेल. पण ‘फुकट पाहिजे ना?’ या प्रश्नाला आता अर्थ उरला नाही, कारण सगळ्यांनाच तसे आहे. मला या बदलातले हे सर्वांत मोलाचे वाटते.

शंकासुर, मंगळवार, रात्री १०.४५

गिरणगावचे यांनी लिहिलेली खिडकी माझ्या कोणत्याही आकड्यात बसत नाही, हे मान्य करतो. त्यांचे वडील सरकारी लेख्यात ‘लाभार्थी’ म्हणून एकदा मोजले गेले असतील आणि पुढच्या वर्षीचे तीन आठवडे कोठेच नसतील. मँचेस्टरकरांच्या चटईबाबतही तेच. तरीही माझा आग्रह राहील की समाधान विचारण्याऐवजी अशा वस्तू मोजाव्यात. पुरचुंडीत किती, दावणीला शेळी आहे की नाही, टेम्पो सांगून ठेवला की नाही. माणूस सर्वेक्षकाला ‘बरे आहे’ म्हणून वाटेला लावील, पण काजूचे पैसे कोठे ठेवायचे हे उगाच ठरवणार नाही.

सिस्टरांना एक प्रश्न आहे. दार खरोखर उघडायला जी माणसे लागतात, त्यांचे काय? आमच्या भागातल्या आशाताईंना मी विचारले तर त्या हसतात.

जुनी_सिस्टर, बुधवार, दुपारी १.१५

बरोबर विचारलेत. आशा २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून आल्या, साधारण हजार लोकवस्तीला एक. त्यांना पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वाढावा म्हणून २०२३ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. माझ्या उपकेंद्राखालच्या एका आशाने एकदा माझ्यासमोर हिशेब मांडला होता. पहाटे बाळंतिणीला घेऊन जायचे, दिवसभर तिच्यासोबत थांबायचे, संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याच्या शिव्या खायच्या आणि मोबदला तीन महिन्यांनी. तिच्या स्वतःच्या मुलाला ताप होता त्या रात्री ती दुसऱ्याच्या घरी होती. वाडीतल्या चाळीस घरांना जो धीर मिळतो, तो या एका घरातून उचललेला असतो. मी याच्यावर उपाय लिहू शकत नाही. फक्त माझा ओटीवरचा दिवा आठवताना हिचे घरही आठवावे, एवढ्यासाठी लिहिले.

बालाघाटी, बुधवार, संध्याकाळी ६.३०

तिलारीकाठ, पुरचुंडी आता कोठे आहे? हे आपण सांगितलेच नाही.

तिलारीकाठ, गुरुवार, सकाळी ८.०५

काल रात्री आईला फोन करून विचारले. तिला प्रश्नाचे आश्चर्य वाटले आणि थोडा संशयही आला, मला पैशांची अडचण आहे की काय, असा. मग तिने पिंपात हात घालून पुरचुंडी काढली आणि फोन चालू ठेवूनच नोटा मोजल्या. दीड हजार निघाले. २०१८ नंतर ती रक्कम नऊ हजारांपर्यंत गेली होती, हे मला माहीत होते. सोबत आता प्लास्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्डे आणि बाबांचे जुने केसपेपर असतात. ती पिशवी मात्र पिंपात न राहता खुंटीला टांगलेली असते, कोणालाही अंधारात सापडावी म्हणून.

मी विचारले, गाडी फुकट येते, आता आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात पैसेही घेत नाहीत, मग हे दीड हजार कशाला ठेवलेस? ती म्हणाली, “न्हेवक गाडी येता. परत येवक पैशे लागतत.”

रुग्णवाहिका रुग्णाला पोहोचवते. बाळंतीण असेल तर सरकारी गाडी घरीही सोडते, पण टाके घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला सुट्टी मिळाल्यावर म्हापशामार्गे आमच्या वाडीपर्यंत आणायला खासगी गाडीच करावी लागते. त्या गाडीचे भाडे सध्या किती आहे, हे मी शेजारच्या टेम्पोवाल्याला विचारून पाहिले. तो म्हणाला, चौदाशे, आणि वाटेत चहा.